घट

सिद्धनकेरीला बदली झाली तेव्हा
सोलापुरातल्या हेडक्लार्कनं सांगितलं होतं,
गाव विचारत बसू नका, वास धरून जा.
मंद्रूप मागं पडलं आणि खरंच आला:
गूळ जळून आंबल्यासारखा, ओल्या गोणपाटाचा,
शाळा सुटावी तसा सगळ्या रस्ताभर.

तीनशे उंबरे. एक देऊळ, बिनकळसाचं,
सातशे-आठशे वर्षांचं, असं फलक म्हणतो.
दारातला शिलालेख हळेकन्नडात.
कन्नड गावात सगळ्यांना येतं,
तो दगड कुणालाच वाचता येत नाही.
त्याला सायकली टेकवतात.

आणि ओढ्यापल्याड डिस्टिलरी.
माझं काम तिथं: कुलूप, लाख, शिक्का.
पिंपात भरलेलं स्पिरिट मोजायचं,
दर महिन्याला पुन्हा मोजायचं,
कमी भरेल ते एका रकान्यात लिहायचं.
रकान्याचं नाव घट.
शेकडा अमुक इतकी घट सरकारला मंजूर आहे.
त्याहून जास्त, तर चोरी.

"लाकूड श्वास घेतंय बाई,"
हसनसाब नदाफ म्हणतो. पस्तीस वर्षं भट्टीवर,
थेंब कधी तोंडाला नाही.
"आपण नुसतं बसून ऱ्हायचं."

उडालेलं जातं कुठं, ते कळायला मला वर्ष लागलं.
भिंतींवर. गोदामाकडची प्रत्येक भिंत काळी,
काजळी नव्हे, जिवंत काहीतरी, बोटाला मखमल लागते.
लिंबाचे बुंधे काळे. विजेचे खांब. मारुतीची पाठ.
वाफेवर जगणारी बुरशी आहे,
प्रयोगशाळेतली पोरगी म्हणाली.
म्हणजे माणसं शिवत नसली तरी
गाव पितंच आहे, रात्रंदिवस, बिनपरवाना.

घरमालकीण नीलव्वा बिराजदार
दर साली घटस्थापनेआधी चुना कालवते.
दिवाळीपर्यंत भिंत पुन्हा सावळी.
मी म्हटलं, डांबरच फासा एकदा.
ती हसली नाही.

देवळामागं वीरगळ आहेत, पाच.
खाली लढाई, गाई, पडलेला माणूस.
वर पिंडीपुढं हात जोडून बसलेला तोच.
मधल्या चौकटीत दोन बाया
त्याला काखेत हात घालून वर नेतायत,
घागर उचलावी इतक्या सहज.
सोमवारी नीलव्वा एका दगडाला तेल लावते,
डावीकडून तिसऱ्या.
कोण हो हा?
"काय की. नाव न्हाई त्याला. म्हणून घेतला."

मग चालता चालता, चपलेतला खडा काढत, सांगितलं:
मालक आंबवणीच्या टाकीत उतरले होते, गाळ काढायला.
वर हवा, खाली नुसता वायू.
दोघं होते. दुसरा वाचला.
"तुमच्या वहीत कुठं लिवत्यात हो असलं?"

वह्या मी काढून पाहिल्या, अकरा वर्षं मागच्या.
त्या महिन्याची घट: मंजुरीच्या आत.
सही कुणाची, ते लागलं नाही.

काल रविवार. चुन्याची बादली, काथ्याचा कुंचला.
"नुसतं काय बघालाव बाई, हात लावा की."
लावला. ओला असताना चुना दिसतच नाही,
भिंत उलट आणखी काळी होते,
फुकट घालवतोय असं वाटतं.
वाळल्यावर बघा, ती म्हणाली,
आणि शिडी माझ्याकडं सरकवली.