अकराची खूण

सुरामीच्या वळणावर आम्ही आठजणी
गाड्यांना हात करतो,
दुसऱ्या हातात दालचिनी-मनुकांची गरम नाझुकी.
मी हात करते तो डावा.
उजवा खांद्यावर जात नाही, तीन वर्षं झाली.
डाव्या हाताचा मळ म्हणतात ना सोप्या कामाला?
भट्टीत कमरेपर्यंत वाकून
डाव्या हातानं भिंतीवर रोटी थापून बघा एकदा.
पहिल्या महिन्यात सतरा पडल्या निखाऱ्यात.
वाझा काही बोलला नाही.
जळकी बाजू नखानं खरवडून
चहात बुडवून खात राहिला.

तिबिलिसीची डॉक्टरीण म्हणते,
रिपोर्ट स्वच्छ आहेत, त्सिआला.
मग विचारते, एक ते दहामध्ये दुखतं किती?
मी भट्टीवाली.
माती किती तापली ते मी आकड्यात नाही मोजत,
मिठाच्या पाण्याचा हबका मारते
आणि चुरचुर ऐकते.
ठणका वेगळा, बाई, चमक वेगळी.
थंडीत काखेपासून कोपरापर्यंत
कोणीतरी ओली दोरी पिळत बसतं.
जिथे बधिर आहे तिथे सदऱ्याचा काठही टोचतो,
हे कसं, ते तुम्हीच सांगा.
आणि रात्री दोनला एक खाज येते,
तिचा पत्ता केव्हाच कापून टाकलेला,
तरी येते, नेमकी त्याच दारात.
डॉक्टरीण लिहिते : चार.

नातियानं इटलीहून सिलिकॉनचं पाठवलं.
खऱ्यासारखं, वजनासकट.
भट्टीपाशी ते घामानं सरकून गळ्याशी यायचं.
एकदा काढून फळीवर ठेवलं
तर गुलिकोनं कणकेचा गोळा समजून उचललं,
पीठ लावलं, थापायला घेतलं.
इतक्या हसलो आम्ही
की टाके विरघळून गेलेल्या जागी
पुन्हा टाके दुखले.
तेव्हापासून ते मनुकांच्या बरणीमागे असतं.

वाझानं पलंगाची बाजू बदलली,
न विचारता.
माझ्यासाठी की त्याच्यासाठी,
मीही नाही विचारलं.

नर्स म्हणाली होती, बोटांनी भिंत चढायची, रोज.
आमच्या दाराच्या चौकटीवर
नातियाच्या उंचीच्या खुणा आहेत, चाकूनं कोरलेल्या.
मी त्यांवरूनच चढते.
सुरुवातीला पाच वर्षांची होते.
गेल्या उन्हाळ्यात दहाची झाले.
मग रिकोती घाटात बर्फ पडलं
आणि मी पुन्हा सातवर.
सगळ्यांत वरची खूण एकोणिसाव्या वर्षाची,
ती बॅग घेऊन गेली त्या सकाळची.
तिच्याकडे मी अजून नुसती बघते.

आज बोट अकराला टेकलं.
कळ अशी गेली की डोळ्यांपुढे चौकटच नाहीशी झाली,
पण टेकलं.
संध्याकाळी फोनवर तिला सांगितलं, अकरा.
ती तिकडे कोणा म्हातारीला सूप भरवत होती,
चमचा थांबल्याचं मला ऐकू आलं.

टाचा उचलल्या होत्या,
ते नाही सांगितलं.