शेवटची वीत

उन्हाळ्यात इथे गीझर बंद ठेवतात.
नळाला येतं गच्चीवरच्या टाकीचं पाणी, हात पोळेल इतकं,
गार हवं असेल तर बंद गीझरमधलं घ्यायचं,
रात्रभर एसीत निवलेलं.
हे मला मनामात आल्यावर, पहिल्याच आठवड्यात
खाली पार्लर चालवणाऱ्या लिसम्माने शिकवलं.
केसांचंही तिनेच सांगून ठेवलं: जातील.
इथे सगळ्यांचेच जातात. पाणीच तसलं.

चार वर्षं गेले नाहीत.
सप्टेंबरात गेले.
मोरीच्या जाळीवर, उशीवर, एकदा पोळीत.
नवऱ्याने केस ताटाच्या कडेला ठेवला
आणि काही न बोलता जेवत राहिला.
मी मोजायला लागले. एकशे चाळीस. एकशे साठ.
मग पाण्यावर खापर फोडलं,
पंधरा दिवस पिण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतल्या.
आईने माका सांगितला, जाऊबाईंनी कांद्याचा रस,
शेजारणीने तर चकोटच: एकदा काढून टाक, दाट येतात बघ.

डॉक्टर हुदा भिंगातून माझा भांग बघत होत्या,
बराच वेळ, बारीक अक्षर वाचावं तशा.
म्हणाल्या, पाण्याने केस राठ होतो, मुळासकट उपटत नाही.
तेल केसाला लागतं, मुळाला त्याचा पत्ता नसतो.
दिसतो तो केस मेलेलाच.
जिवंत आहे ते कातडीखाली, कणीपेक्षाही लहान.
ते वर्षानुवर्षं खपतं, मग दमतं,
दोन-तीन महिने नुसतं बसून राहतं आणि हातातलं सोडून देतं.
ज्याची त्याची पाळी वेगळी, म्हणून एरवी कळत नाही.
कधी असा धक्का बसतो
की पुष्कळजण एकदमच काम टाकून उठतात.
मग विचारलं: जूनमध्ये काय झालं होतं?
ताप? बाळंतपण? उपास?

काही नाही, म्हटलं.

जूनमध्ये तनयला कराडला, वसतिगृहात ठेवून आले.
अकरा वर्षांचा. रडला नाही. मीही नाही.
मैत्रिणींना सांगितलं, छान रुळला हो.
फक्त तांदूळ मोजताना हात अजून तिघांचे घ्यायचा,
म्हणून भात लावणंच सोडलं.
चहा, बिस्किटं. भूक कुठे होती?
केस एवढे उशिरा रडतात
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

रक्तात लोह नावापुरतं निघालं.
गोळ्या, अंडी, मोड आलेली मटकी,
वेणी सैल घालायची, ओल्या केसांत कंगवा नाही,
आणि धीर. तो कुठल्या दुकानात मिळतो ते डॉक्टरांनी लिहून दिलं नाही.

केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो.
एका रात्री आरशापुढे टेप घेऊन बसले.
चार वर्षांचे अठ्ठेचाळीस इथले, समुद्र गाळून केलेल्या पाण्यातले.
त्याखालची शेवटची वीत कराडची.
तेव्हा बाजारात तनय माझ्या वेणीचं टोक धरून चालायचा.
टोक हातात घेतलं आणि लक्षात आलं,
त्याने धरलेलं टोक केव्हाच कापलं गेलंय.
आज जे टोक आहे
ते तेव्हा कपाळाशी होतं, त्याच्या हाताला न पुरणारं.

जानेवारीत लिसम्माकडे गेले.
टोकं दुभंगलेली, झाडूसारखी.
किती? तिने विचारलं.
मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.
नक्की? तिने तीनदा विचारलं.
कापल्याने वाढ होत नाही, हे आता मला ठाऊक होतं.
तरी हो म्हटलं.

शुक्रवारी व्हिडिओवर तनय हसला.
वसतिगृहातल्या न्हाव्याने त्याचं डोकं
उन्हाळी कलिंगडासारखं केलेलं.
आई, तुला शिंगं आलीत!
भांगाच्या दोन्ही बाजूंना खरंच काही उभे होते,
बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, कंगव्याला न जुमानणारे.
आलीत, म्हटलं.
बघू, कॅमेऱ्याजवळ ये, तो म्हणाला,
आणि मी डोकं खाली घातलं,
तो मोजून होईपर्यंत.