बेअरिंगच्या पुठ्ठ्यावरचे शब्द

उद्यमनगरातनं पप्पा बेअरिंगच्या खोक्यांचा पुठ्ठा आणतात,
पत्त्यांएवढा कापलेला, कोपरे कानशीनं मारलेले.
एका अंगाला मी स्केचपेननं शब्द लिहिते, देवनागरीतसुद्धा.
दुसऱ्या अंगाला बॉलपेननं अर्थ, मराठीत,
कारण तपासणारे तेच.

परीक्षा पुण्यात, नोव्हेंबरात.
त्यापुढचं सगळं लांब.

जेवणं झाली की पत्ते पिसतात.
'बोल. बडबड्या.'
गॅरुलस.
'म्हंजे आमचा चहावाला आण्णाप्पा. पुढं. सारखं किरकिरणारा.'
क्वेरुलस.
'ह्यो तर पाच नंबरचा लेथ!'
आई भांडी विसळता विसळता हसते,
कुणाला ते सांगत नाही.

'मोजकंच बोलणारा.'
टॅसिटर्न.
पप्पांनी पत्ता दिव्याकडं धरला.
'ह्यात टर्न हाय?'
हाय की.
'मग टर्नरचंच काम असणार हे.'
एकतीस वर्षं झाली त्यांना.
मशीन बोलत असताना माणसानं काय बोलायचं?

फ्रुगल आणि पार्सिमोनियसला मी रोज चुकायची.
दोन्ही काटकसरीचेच, पप्पा,
पण एकात कौतुक आहे, दुसरा टोचून बोलतो.
'म्हंजे साइज एकच. टॉलरन्स वेगळा.
एक हातानं बसतो,
एक ठोकून बसवाय लागतो.'
राजारामपुरीतल्या क्लासचे सर
तासभर फळ्यावर लिहीत होते हेच.

सोमवारी सुट्टी. आईनं खाकी शर्ट भिजवला,
आणि खिशातनं एक पत्ता निघाला, फुगलेला.
शब्दाच्या अंगाला नुसता जांभळा डाग.
अर्थ मात्र शाबूत:
फार काळ न टिकणारं.

हा खिशात कसा?
'ऱ्हायला असंल.'
ते शर्टाची बाही पिळत होते, आधीच पिळलेली.
मग म्हणाले, 'शब्द काय हुता त्यो?'

चार आहेत, पप्पा, या अर्थाचे.
इफेमरल, ट्रान्झियंट, फ्लीटिंग,
आणि एक इव्हॅनेसंट, त्याचं स्पेलिंग मला अजून येत नाही.
कुठला लिहू?

'पेपरात येणार न्हाई त्यो लिव्ह.'

मी नवा पुठ्ठा घेतला.
बॉलपेननं अर्थ लिहिला, पालथा केला,
स्केचपेनचं टोपण काढून बसून राहिले.

पप्पांनी अंगठा फिरवून बघितला कडेवरनं.
'कोपरं टोचत्यात,' म्हणाले,
आणि कानस शोधायला उठले.