लाऊमांट

सिब्रन झोपलाय कपाटातल्या बिछान्यात,
गुडघे पोटाशी घेऊन.
इथे माणसं अशीच झोपतात, दार ओढून,
फडताळातल्या बरण्यांसारखी.
मी शेगडीपाशी. पीटचा धूर डोळ्यांत.
बाहेर कालवा आवळत चाललाय,
मधूनच कडाडतो.

आठ हिवाळे झाले.
सत्त्याण्णव सालच्या बर्फात मी बुडाले
पुलाखाली, जिथे बर्फ नेहमीच पातळ,
आणि मनगट धरून ज्याने वर ओढलं
तो हा, सतराशे त्रेसष्टमध्ये.
पहिला प्रश्न त्याने विचारला माझ्या स्केट्सबद्दल:
इतकं पातळ पोलाद कुठल्या लोहाराचं?

तेव्हापासून कालवा गोठला की
त्याच स्केट्सना धार लावतो, न सांगता,
आणि दाराशी खिळ्यावर अडकवतो.
जा म्हणत नाही. राहा म्हणत नाही.
पात्यावरून अंगठा तेवढा फिरवतो.

मीही एक सांगितलेलं नाही.
नऊ वर्षांची होते, यित्स्के आत्याबरोबर
चर्चच्या आवारात. एका कललेल्या दगडावर
याचं नाव होतं, बापाच्या नावासकट,
वर एक छोटी होडी कोरलेली.
खाली महिना, जुन्या तऱ्हेने: लाऊमांट.
कातडी कमावण्याचा महिना. जानेवारी.
वर्षावर शेवाळ, पिवळं, चिवट.
नखाने खरवडलं तर सतराशे एवढंच निघालं,
मग आत्याने हातावर चापट मारली:
मेलेल्यांच्या खोड्या काढू नयेत.

म्हणून जानेवारीत मी भांडकुदळ होते.
याला पुलाखालून जाऊ देत नाही,
खोकला की काढा, शिंकला की दुसरा काढा.
शेजारची व्हिमके हसते,
नवऱ्याला खारवून पिंपात भरून ठेव म्हणते,
हेरिंगसारखा.
हसू दे.
कधी वाटतं, आणखी एकदा नख फिरवलं असतं तर.
कधी त्या चापटीसाठी आत्याचे पाय धरावेसे वाटतात.

आज एकतीस तारीख. मनोऱ्यावरचे बारा ठोके मोजले,
तेरावा पडतो की काय म्हणून
उगाच श्वास धरून बसले.
नाही पडला.
आता अकरा महिने हा माझा.

कपाटाचं दार सरकलं.
झोपत का नाहीस?
धूर फार झालाय, म्हटलं.
त्याने डोळे चोळले, खिळ्याकडे पाहिलं.
उजव्या पात्याला अजून जरा धार हवी, म्हणाला.
राहू दे, म्हटलं.
सरक जरा.