बावन्न अंश

एलेउतेरिओ बार्रिया, वय एकसष्ट, मेंढ्या कातरतो.
ट्रकच्या फळीवरून पडला,
मनगटाच्या चार बोटं वर हाड मोडलं.
सात आठवडे प्लास्टर.
आता हात पालथा होतो, उताणा होत नाही.

मी त्याचं कोपर बरगडीला टेकवते,
मुठीत पेन्सिल उभी देते
आणि म्हणते, वळवा.
पेन्सिल कलते. सामुद्रधुनीवरचा वारा
पुन्ता अरेनासची सगळी तावदानं खडखडवत राहतो.
बावीस.
ऐंशीपर्यंत जायला हवं.

चित्र काढून दाखवते:
कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं,
तळहात वर असला की शेजारी शेजारी,
पालथा केला की एक दुसऱ्यावरून आडवं जातं.
"झोपेत कूस बदलल्यासारखं," तो म्हणतो.
हो. आणि तुमचं कूस बदलून तसंच झोपलंय.

खांद्याचं निराळं. उथळ बशीतला चेंडू,
म्हणून सगळीकडे फिरतो, म्हणूनच निखळतो.
खुबा खोल वाटीत, जपून.
गुडघा वाकलेला असेल तरच जरासा वळतो,
ताठ असला की ऐकत नाही.
हे सगळं त्याला माझ्याआधीपासून ठाऊक,
मेंढीच्या अंगावरून:
ओढायचं नाही, सांध्याला विचारायचं,
तो जिकडे हो म्हणेल तिकडे अख्खी मेंढी येते.

मग मीही ओढणं सोडलं.

कातरणीचा हंगाम त्याच्याशिवाय गेला.
बेकरीत सुटे पैसे तळहातावरून घरंगळले,
बाईने वेचून त्याच्या खिशात टाकले.
हे त्याने भिंतीकडे बघत सांगितलं.
उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, म्हणाला,
आता पसरायचा म्हटला तरी पसरत नाही.
आणि हसला, दात नसलेल्या बाजूने.

तक्त्यात याला रकाना नाही.

फेब्रुवारीत बावन्न. तिथेच अडलं.
तीन आठवडे बावन्न, आणि मला शंका आली:
कोपर बरगडीपासून हळूच सुटतंय,
खांदा चोरून मदत करतोय.
सांधे असेच, एकाचं उणं दुसरा झाकतो,
मोजणाऱ्याला फसवतो.
कोपराखाली टॉवेलची घडी दाबली.
खरे अठ्ठेचाळीस.
त्याला बोलले नाही.

आज गारा. तो दारातच थांबला,
हात बाहेर काढला, कोपर हवं तसं सुटू दिलं,
खांदा, पाठ, कंबर, सगळं थोडं थोडं कललं
आणि तळहात आभाळाकडे आला.
दोन गारा टिकल्या त्यात, वाटाण्याएवढ्या.
मला दाखवायला आणेपर्यंत त्यांचं पाणी झालं,
तेही सांडलं नाही.

मी बावन्न लिहिलं.