दोन कार्बोरेटर, एक कान

खरांगण्याच्या फाट्यावर, हिवराखाली,
गंधेवार डॉक्टरीणबाईंची गाडी तिसऱ्यांदा आली,
ट्रॅक्टरच्या मागे, दोराला.
हिरवी, बुटकी, दोनच माणसांची.
पुढचे दिवे असे वर आलेले
की शाळेतली पोरं तिला बेंडकी म्हणायची.

सकाळी उठते, म्हणाल्या बाई,
पुलगावचं फाटक ओलांडते,
आणि विरुळच्या चढावर
खोकते, ठसकते, बसते.
तासाभराने पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.
वय बाईंचं ब्याऐंशी. गाडीचं त्रेसष्ट.

मुनाफ मिस्त्रीचा उजवा कान
डिझेलच्या पंपांनी कधीच खाल्ला.
डाव्यात पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा,
दुसरं टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी:
आधी पुढचा, मग मागचा.
"दोघायचा श्वास सारखा पायजे, वच्छे.
एक वढते न दुसरा झोपा काढते, हे जमत नाई."
स्क्रू पाव आटा. पुन्हा कान.

पितळी फ्लोट कानाशी हलवला:
आत पेट्रोल खुळखुळत नाही, म्हणजे भोक नाही.
जेट काढून सायकलच्या पंपाने फुंकले.
पिस्टन बोटाने उचलून सोडला,
टक् करून बसला.
डॅशपॉटात शिलाई मशीनचं तेल, चमचाभर.
मे महिना, पारा सेहेचाळीसवर,
नळीतच पेट्रोल उकळत असेल म्हणून
तिला ओलं फडकं गुंडाळलं, बाळंतिणीच्या डोक्यासारखं.
प्लगचा रंग हवा भाजलेल्या जवसाचा.
तोच होता.
गाडी चढावर तरी बसली.

तीन दिवस.
पानठेल्यावर जो तो कार्बोरेटरलाच शिव्या देई.
मीही दिल्या. त्याचं नावच असं,
तोंड भरून येतं.

बाई मोबिलच्या उपड्या डब्यावर ताक पीत बसलेल्या.
म्हणाल्या, "माझ्याकडे एक बाई यायची, देऊरवाड्याची,
उजवा खांदा धरून.
दोन वर्षं तेल चोळलं तिने खांद्याला.
खडे पित्ताशयात होते, मिस्त्री."

मिस्त्री थांबला. पाना फडक्यावर ठेवला.
कार्बोरेटरकडे पाठ करून
डिस्ट्रिब्यूटरचं टोपण उघडलं.
पॉइंटांच्या बाजूला कंडेन्सर,
वापरून उरलेल्या खडूएवढा.
थंड आहे तोवर इमानदार,
तापला की ठिणगी गिळून गप्प.
"हा होय चोर! न आपण तीन दिवस
घरधन्यालेच मारून रायलो."
डब्यातून राजदूतचा एक निघाला,
बाहेरून तारेने बांधला.
बाई विरुळचा चढ चढून, वळून,
हॉर्न वाजवत परत आल्या.

पैसे देताना त्यांनी पाहिलं:
नोट घेतली उजव्या हातानं,
आणि लगेच तोच हात डाव्या कोपराकडे गेला, दाबायला.
"कधीपासून?"
"पान्याचं हाये ते, बाई. होळीपासून.
जबडाबी जरा... पण ते दाढीचं."
बाईंनी पिशवीतून नळी काढली. खरी, डॉक्टरची.
गाडीला आम्ही दिला नव्हता इतका वेळ
त्याच्या छातीला दिला.
हिवराची सावली माझ्या पायांवरून सरकून गेली.
"उद्या सावंगीला. पहिल्या बसनं."
"उद्या तं पंप हाये न, रोहण्याचा. जबान देली."

बाई माझ्याकडे पाहत गाडीत बसल्या.
इंजिन पहिल्याच हाकेला उठलं.

तो पंप मी रात्रीच खोलला,
टॉर्च दातांत धरून.
मिस्त्री आला तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं,
पंप सुरू होता, काळा धूर विरत चाललेला.
त्याने डावा कान पुढे केला.
बराच वेळ ऐकलं.
"नोझल डिझेल जरा जास्त देऊन रायलं," म्हणाला.
"हाव," मी म्हटलं. "बस सहाला येते."