दहापेक्षा कमी

एक ऑक्टोबरला राज्याला आकडा लागतो.
नेब्रास्काचा वारा दाराची जाळी आपटत असतो
आणि मी, आर्डिस, इथली कारकून,
मंगळवारी नर्स येत नाही म्हणून मंगळवारची नर्ससुद्धा,
पेन्सिल कानावर खोचून दारात उभी.

गेल्या वर्षी पटावर सतरा होते.
मांसाच्या कारखान्यानं रात्रपाळी बंद केली
तेव्हापासून अकरा.
सहा खुंट्यांवरची नावं मी अजून खरवडलेली नाहीत,
डिंक फार चिवट आहे.

वंश : एकावरच खूण करा.
अब्दिरशीदची आई विचारते, यात आम्ही कुठं?
मी बोट ठेवते.
दुसऱ्याचा बूट पायात घालून बघावा
तशी ती त्या शब्दाकडं बघते,
मग सही करते.

घरची भाषा.
स्पॅनिश लिहा, एल्विराचे वडील म्हणतात,
तुम्हाला सोपं पडेल.
घरी ते किचे बोलतात. यादीत किचे नाही.
एल्विरा त्सोक अजून कुठलीच बोलत नाही,
पंजा गालावर ठेवते, म्हणजे पाणी,
दोन्ही पंजे, म्हणजे पाणी नको, तुम्ही या.

अपंगत्वाचा प्रकार.
बहुतेकांपुढं मी ‘विकासात उशीर’ लिहिते.
बसवाला डेल्बर्ट खांद्यावरून वाचतो, म्हणतो,
उशीर माझा होतो बाई,
ही पोरं साडेसहापासून पायरीवर असतात.

आणि दरवर्षीचा तो नियम :
आकडा दहापेक्षा कमी असेल तिथं
आकडा छापू नये, फुली छापावी,
मूल ओळखू येऊ नये म्हणून.
राज्याच्या तक्त्यात आमची ओळ अशी दिसते :
फुली, फुली, फुली, फुली, अकरा.
छापील शिवी झाकावी तशी.
नियम चांगला आहे, मला पटतो.
पण गाव एवढं,
की कोण खोकलं ते मी पाठमोरी सांगते.

दोन तारखेला, बुधवारी,
एक बाई आली, कडेवर मुलगा,
नळीनं दूध पाजायचं यंत्र पाठीवरच्या पिशवीत.
तीन वर्षं पाच दिवसांचा.
नाव, एह डो. आडनाव?
आडनाव नसतं आमच्यात, ती म्हणाली.
कॉम्प्युटर पुढं जाईना.
मी एह पहिल्या खणात टाकलं, डो शेवटच्या,
मधे तो तुटला, त्याची माफी तिच्याजवळ मागितली.

मोजणी काल झाली.
त्याचे पैसे यंदा येणार नाहीत, मी ट्रूडीला म्हटलं.
ट्रूडी माळ्यावर चढलेली, धुळीनं शिंकत,
खाली खुर्ची आली, लहान, निळी,
एक पाय आखूड.
आम्ही पायांना टेनिसचे चेंडू बसवतो,
फरशीवर कर्कश वाजलं की वेस्ली कान दाबून रडतो.
चेंडू तीनच निघाले.
चौथ्या पायाला डेल्बर्टचा मोजा,
तपकिरी, टाचेला रफू केलेला.

एह डो बसला.
मोजा ओढू लागला.